भूस्थिर : स्थिर, पण कशाच्या मानाने?

एका वाचकाने विचारले आहे : "टीव्हीचे कार्यक्रम पोचवणारा उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने धावत असतो. मग त्याला 'भूस्थिर' म्हणणे चूक नाही का? 'भूसमकालिक' जास्त बरोबर नाही का?"

चूक नाही. आपण 'स्थिर'पाशी अडखळतो आणि 'भू' नुसताच वाचून सोडून देतो. या समासाचा विग्रह 'भूमीच्या मानाने स्थिर' असा करायचा. विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किमी उंचीवर एका प्रदक्षिणेला 23 तास 56 मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो, आणि दोघांची दिशाही एकच. म्हणून गच्चीवरून पाहणाऱ्याला उपग्रह जागचा हलत नाही. ध्रुवताऱ्याला 'अढळ' म्हणतानाही आपण जमिनीवरूनच बोलत असतो. कारण मात्र वेगळे : ध्रुव पृथ्वीच्या अक्षाच्या रोखाने आहे, उपग्रह तिच्या बरोबरीने चालतो.

टीव्हीची छत्री (डिश) एकदा बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही, ती यामुळेच. डीडी फ्री डिशसाठी वापरला जाणारा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यात छत्रीचे तोंड आग्नेयेला, गुवाहाटीत जवळजवळ थेट दक्षिणेला. उपग्रह जागा सोडत नाही, म्हणून त्याचा झोतही एकाच प्रदेशावर रोखून ठेवता येतो. 5 मे 2017 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला दक्षिण आशिया उपग्रह एकाच जागी राहून शेजारी देशांना सेवा देतो, तो याच गुणाच्या बळावर. मला तर 'भूस्थिर' हा फार नेमका शब्द वाटतो.

'भूसमकालिक'चा अर्थ त्याहून व्यापक आहे. त्यात फक्त फेरीचा काळ जुळावा लागतो, कक्षा विषुववृत्ताशी कललेली असली तरी चालते. आपल्या 'नाविक' या स्थाननिश्चितीच्या उपग्रह-यंत्रणेच्या मूळ रचनेत दोन्ही प्रकार आहेत : तीन उपग्रह भूस्थिर; उरलेले चार सुमारे 29 अंश कललेल्या कक्षांत, रोज आकाशात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट काढणारे. हे चार भूसमकालिक आहेत, भूस्थिर नाहीत. उलट प्रत्येक भूस्थिर उपग्रह भूसमकालिक असतोच. तेव्हा टीव्हीच्या उपग्रहाला 'भूसमकालिक' म्हटले तर खोटे ठरणार नाही, पण छत्री का फिरवावी लागत नाही हे त्या शब्दातून कळणार नाही. तिथे 'भूस्थिर'च लिहावे.

आणि 'भूसमकालीन' मात्र लिहू नये. 'समकालीन' म्हणजे एकाच काळात होऊन गेलेले. ज्ञानेश्वर आणि नामदेव समकालीन. इथे जुळायला हवा तो फेरीचा काळ.