झोळीतली थंडी पाठीतून शिरते

प्रश्न: डिसेंबरात आम्ही चौघे मित्र जांबोटीच्या पुढे ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत मुक्कामाला गेलो होतो. तिघे तंबूत, मी हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना टांगलेल्या कापडी झोळीत. माझ्या स्लीपिंग बॅगवर ५ अंश असं लिहिलंय, आणि तेवढी थंडी तर नव्हतीच. तरी रात्री दोनला जी हुडहुडी भरली ती उजाडेपर्यंत. तंबूतले तिघे गाढ झोपले होते. जानेवारीत परत जायचंय. आणखी जाड बॅग घेऊ का?
— एक वाचक, नंदगड

उत्तर: नका घेऊ. पैसे जातील आणि पाठ तशीच गारठेल.

गार कुठं लागत होतं ते आठवा. खांदे, कंबर, मांड्यांची मागची बाजू, हो ना? बॅगेची ऊब म्हणजे तिच्या भरावात अडकलेली हवा. अंगाखालचा भराव तुमच्या वजनानं चेपतो, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. तंबूतल्या तिघांच्या खाली चटई होती. तुमच्या खाली मोकळा वारा होता, तो रात्रभर पाठीची ऊब घेऊन जात होता. बॅगेवरचा आकडासुद्धा खाली मॅट घालून केलेल्या चाचणीतून येतो, आणि बरेचदा तो कशीबशी रात्र निघेल असा आकडा असतो, सुखाच्या झोपेचा नव्हे.

माझी अशी रात्र कणकुंबीकडची. पहाटे तीनला जाग आली, पाठीखाली हात घातला तर बॅग धोतरासारखी पातळ लागली. पोटावर मात्र उशीसारखी फुगलेली. होते नव्हते ते दोन्ही स्वेटर चढवले, काही फरक नाही. सकाळी शेतावर कामाला आलेल्या एका बाईंनी झाडाला लुगड्याची झोळी बांधली. आधी घोंगडं चौपदरी करून तळाशी घातलं, त्यावर मऊ कापड, मग पोर. वरून नुसता टॉवेल. मी बघतोय हे पाहून म्हणाल्या, "खालनं गार लागतंय की त्याला." माझं सगळं शिक्षण त्या वाक्यात झालं.

तर आधी खालचं बघा. सगळ्यात स्वस्त उपाय फोमच्या मॅटचा. दहा-बारा मिलिमीटर जाडीची, न चेपणारी मॅट हॅमॉकच्या आत, बॅगेखाली. अडचण एवढीच की ती अरुंद असते. झोळी दोन्ही बाजूंनी अंगाला लपेटते आणि खांदे मॅटच्या बाहेर जातात. म्हणून दुसऱ्या मॅटचा हातभर तुकडा कापून खांद्यांखाली आडवा घाला. कूस बदलताना मॅट सरकते. बॅगेच्या आत घातली तर कमी सरकते.

खरी झोप लागते ती अंडरक्विल्टनं, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगलेल्या रजईनं. तिच्यावर वजन येत नाही, त्यामुळे भराव फुगलेला राहतो. तयार महाग मिळते. मी आमच्या गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेतली: बाहेरून पातळ नायलॉन, आत रजईत भरतात तो पॉलिएस्टरचा फायबर, दोन्ही टोकांना नाडी, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिकची दोरी. टांगणं मात्र नीट जमलं पाहिजे. सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा वाहतो आणि रजई असून नसल्यासारखी. फार ताणली तर भराव दबतो. आत झोपा आणि सोबत्याला खालून हात फिरवायला सांगा: रजई सगळीकडे पाठीला हलकी टेकलेली हवी, कुठे पोकळी नको. टोकांच्या नाड्या आवळून घ्या. हे सगळं दिवसाउजेडी घरच्या अंगणात करून बघा, रात्री बॅटरीच्या उजेडात नाही.

घरची वाकळ टांगू का, असं मनात येईल. ती जड असते आणि सुती असल्यानं दव पिते. त्यापेक्षा घोंगडं बरं. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, आणि दाट असल्यानं अंगाखालीही सुतासारखी चेपत नाही.

जागेबद्दल थोडंसं. मलप्रभेच्या काठी किंवा भाताच्या खाचरांशेजारी झोळी बांधू नका. गार हवा जड, ती रात्री खोलगटात उतरते, पहाटे धुकंही तिथंच साठतं. उतारावर थोडं वर या, पण माथ्यावर नको, तिथं वारा झोडपतो. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून. झोळीवर बांधलेल्या ताडपत्रीची ती बाजू खाली ओढून बांधा. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका. खासगी बाग, मालकाला विचारून, हेच उत्तम.

प्रश्न: माझा मुलगा थंडीत हॅमॉकखाली कोळशाची शेगडी ठेवणार म्हणतो, चारही बाजूंनी ताडपत्री खाली सोडून. चालेल का?
— एक आई, वडगाव, बेळगाव

उत्तर: ताई, कृपा करून ठेवू देऊ नका. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला जागच येत नाही. शिवाय नायलॉनवर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं, आणि जानेवारीत खाली सगळा वाळका पाला असतो.

त्याला गरम पाण्याची रबरी पिशवी द्या, किंवा घट्ट झाकणाची स्टीलची बाटली. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली नको, उकळत्या पाण्यानं ती वाकडी होते. भरून पाच मिनिटं उलटी धरायची, गळत नाही ना बघायचं, मग जाड लोकरी मोज्यात घालून बॅगेत मांड्यांमध्ये ठेवायची. तिथं मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळून जातात, ऊब अंगभर पोचते. दिवसभराचे घामेजले कपडे झोपण्याआधी बदलायचे, मोजेसुद्धा. डोक्याला कानटोपी, पण नाक-तोंड बॅगेबाहेर. श्वासाच्या वाफेनं भराव ओला होतो. झोपताना मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाऊ दे. लघवीला जाऊनच आत शिरायला सांगा. आणि रात्री लागलीच तर आळस करून दाबून ठेवायची नाही, उठायचं. परत आला की बाटली अजून कोमट असेल.