गणपतीच्या आदल्या दिवशीचं खंडेराव मार्केट

प्रिय ईरा,

गणपतीच्या आदल्या दिवशी आजी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात एवढा वेळ काय करते, सगळं एकाच दुकानातून का घेत नाही, असं तू विचारलंयस. पूजेच्या प्रत्येक वस्तूची पारख वेगळी, आणि ती हातात घेतल्याशिवाय होत नाही, म्हणून.

दुर्वांचंच बघ. जुडीत २१ हव्यात, प्रत्येकीला तीन किंवा पाच पाती, कोवळ्या, तुरा न आलेल्या. घाईने बांधलेल्या जुडीत साधं गवतही निघतं, म्हणून आजी दोरा सोडून बघते. घरी आणल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्या की पिवळ्या पडतात. जास्वंद एकच दिवस टिकते, तेव्हा उमललेलं फूल नको, टपोऱ्या कळ्या घ्यायच्या. झेंडू वजनावर मिळतो. पाणी मारलेला जड भरतो आणि रात्रीत काळा पडतो. कोरडाच माग.

पत्री निवडायला आजीला मदत कर, पण हात लगेच धू. तिच्यात धोतरा आणि कण्हेर असतात, दोन्ही विषारी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार आग होते. तुळस एरवी गणपतीला वाहत नाहीत, या चतुर्थीच्या पत्रीत मात्र ती असते.

नारळ जड हवा, हलवल्यावर आत पाणी वाजायला हवं. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी दिसली तर तो आतून गेलेला, तसाच ठेवून दे. २१ मोदकांना मध्यम आकाराचे दोन पुरतात, पूजेचा शेंडीवाला वेगळा. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी हिरव्या देठाचं अळू बघा. काळपट देठाचं वडीला चांगलं. दोन्हींनी घसा खाजू शकतो, चिंच विसरू नका.

मध्येच मान वर करून इमारतही बघ. घुमट आणि कमानींची ती वास्तू सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बांधली आणि तिला खंडेराव महाराजांचं नाव दिलं. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंनी १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातला एक मुलगा दत्तक घेतला, तेच हे सयाजीराव. दत्तक मुलाने घराण्याचं नाव बाजारावर कोरलं, मला हे फार मोलाचं वाटतं. इमारतीत आता महापालिकेची कचेरी आहे. भाजी आणि फुलं मागच्या बाजूला.

पिशव्या दोन न्या. नारळ आणि भोपळा एकीत, अळू दुसरीत. फुलं सगळ्यात शेवटी घ्या आणि हातातच धरा.

तुझा,
बाबा