जुना हँडहेल्ड संगणक आज रोजच्या कामाला वापरता येतो का, आणि पहिले यंत्र कोणते घ्यावे?

आपण विचारले आहे की १९९० च्या दशकातले सायॉन, एचपी किंवा पाम या कंपन्यांचे हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारे, संगणक आज फक्त कपाटात मांडून ठेवायचे की त्यांच्याकडून खरोखर काही काम करून घेता येते, आणि पहिले यंत्र निवडताना काय पाहावे. मी ही यंत्रे जमवते आणि वापरतेही, त्यामुळे माझे उत्तर स्पष्ट आहे: काम करून घेता येते आणि घ्यावे, कारण ज्या यंत्राला नेमून दिलेले काम असते त्याचेच सेल वेळेवर बदलले जातात, त्याच्याच माहितीची प्रत काढली जाते आणि त्याचीच बिजागरी सैल झाल्याचे वेळीच लक्षात येते. म्हणून निवड करताना दुर्मीळपणा सर्वांत शेवटी पाहावा. आधी दोनच गोष्टी तपासाव्यात. यंत्राला लागणारे सेल आजही सहज मिळतात का, आणि त्यात लिहिलेला मजकूर बाहेर काढण्याचा खात्रीचा मार्ग आहे का?

या दोन्ही कसोट्यांवर १९९४ साली आलेला एचपी २००एलएक्स मला सर्वांत उजवा वाटतो. तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतो, मेमरी जपण्यासाठी त्यात सीआर२०३२ हा सर्वत्र मिळणारा लहान सेल असतो, आणि आत एमएस-डॉस ५.० ही त्या काळची संगणक प्रणाली आणि लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम कायमचे बसवलेले असतात. त्याची स्क्रीन ६४० बाय २०० बिंदूंची आहे, म्हणजे डॉसच्या ८० अक्षरे आणि २५ ओळी तिच्यावर पूर्ण मावतात, आणि त्यामुळे त्या काळातले कितीतरी डॉस प्रोग्राम काहीही न बदलता त्यावर चालतात. बाजूच्या पीसीएमसीआयए खाचेत, म्हणजे जादा कार्डांसाठीच्या खाचेत, साधा अडॅप्टर घालून कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड बसवले की मजकूर बाहेर काढण्याचा प्रश्नही सुटतो, कारण तेच कार्ड आजच्या संगणकाच्या कार्ड रीडरमध्ये वाचता येते. डॉसची फाइल पद्धत जुनी असल्याने कार्ड मात्र कमी क्षमतेचे निवडावे. दोन गिगाबाइटच्या वरचे घेऊन काही लाभ नाही.

सायॉनची यंत्रे वेगळ्या विचाराने घडवलेली आहेत, आणि खरे सांगायचे तर माझा जीव त्यांच्यावर अधिक आहे. १९९३ च्या सीरीज ३ए मध्ये दैनंदिनी, शब्दलेखन, हिशेबाचा तक्ता आणि नोंदींचा संग्रह हे सारे प्रोग्राम एकमेकांशी इतके जुळवून बसवले आहेत की झाकण उघडताक्षणी काल जिथे थांबलो होतो तिथूनच काम सुरू होते. त्यातच ओपीएल नावाची प्रोग्रामिंग भाषा दिलेली आहे आणि प्रोग्राम लिहिणे, तो यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणे (कंपाइल करणे) आणि चालवणे हे सारे त्या छोट्या यंत्रावरच होते. स्वतःच्या गरजेपुरते लहान साधन स्वतः घडवण्याचा तो आनंद आजच्या फोनवर सहजासहजी मिळत नाही. १९९७ च्या सीरीज ५ ने त्यापुढे जाऊन टायपिंगसाठी असा कीबोर्ड दिला की एवढ्या आकाराच्या यंत्रावर लांबलचक मजकूर लिहिणाऱ्याला त्याहून चांगला पर्याय मला माहीत नाही. झाकण उघडताना तो कीबोर्ड पुढे सरकतो आणि स्क्रीन त्याच्या मागच्या कडेवर टेकते. मात्र याच हालचालीत स्क्रीनकडे जाणारी लवचीक केबल वर्षानुवर्षे वाकत राहते आणि शेवटी तडकते, तेव्हा स्क्रीनवर रेषा येतात किंवा ती कोरीच राहते. सीरीज ३ कुलातला कमकुवत भाग म्हणजे बिजागरीजवळचे प्लास्टिक. म्हणून सायॉन घेताना विक्रेत्याला झाकण हळूहळू पूर्ण उघडताना आणि मिटताना, स्क्रीन चालू ठेवून, चित्रफीत काढायला सांगावी. स्थिर छायाचित्रावरून यातले काहीही कळत नाही.

पाम यंत्रांबद्दल थोडक्यात सांगते. १९९६ च्या पायलटपासून पुढची जी यंत्रे दोन लहान पेन्सिल सेलवर चालतात, ती नवशिक्यासाठी सोपी आहेत. ग्राफिटीची, म्हणजे पामच्या स्क्रीनवर लेखणीने लिहायच्या सोप्या केलेल्या लिपीची, अक्षरे थोड्याच सरावाने हातात बसतात. पाम व्ही दिसायला फार देखणे आहे, पण त्यातली लिथियम बॅटरी आत बंद आहे आणि कवच चिकटवलेले आहे, त्यामुळे पहिले यंत्र म्हणून ते मी सुचवणार नाही. ॲपलच्या न्यूटन या हँडहेल्ड यंत्रांपैकी १९९७ चे मेसेजपॅड २००० आणि २१०० हे हस्ताक्षर खरोखर चांगले ओळखतात, पण त्यांच्या अंतर्गत घड्याळाची सेकंदांची मोजणी ५ जानेवारी २०१० रोजी मर्यादा ओलांडून गेली. ती अडचण दूर करणारी दुरुस्ती उपलब्ध आहे. यंत्र हाती आल्यावर ती घातली आहे की नाही, हे आधी पाहावे.

कोणते काम द्यावे, याचे उत्तर यंत्राच्या मर्यादांतूनच मिळते. आजची संकेतस्थळे, बँकेचे व्यवहार किंवा ईमेल यांच्या वाटेला जाऊ नये, कारण आजची सुरक्षित जोडणी या यंत्रांना करता येत नाही. पासवर्डही त्यांत ठेवू नयेत. रोजनिशी, खर्चाची नोंद, वाचलेल्या पुस्तकांची टिपणे, कच्चा मसुदा आणि मोजमापांचे हिशेब यांसाठी मात्र ती उत्तम आहेत, कारण ती तत्क्षणी चालू होतात आणि लिहिताना मध्येच कोणतीही सूचना येऊन लक्ष मोडत नाही. एक मर्यादा मला मनापासून खटकते: २००एलएक्स किंवा ३ए वर देवनागरी लिहिता येत नाही, त्यामुळे मराठी टिपणे रोमन लिपीत लिहावी लागतात. शिवाय या दोन्हींच्या स्क्रीनला मागून प्रकाश नाही, तेव्हा काम उजेडातच करावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे सेल आणि मेमरी. या यंत्रांपैकी बहुतेकांत आपण लिहिलेले सारे रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, राहते आणि वीज पूर्ण तुटली की ते नाहीसे होते. मूळ प्रोग्राम रॉममध्ये, म्हणजे विजेशिवायही टिकणाऱ्या कायमच्या मेमरीत, असल्याने यंत्र पुन्हा चालू होते, पण कोरे. म्हणून मुख्य सेल आणि मेमरी जपणारा लहान सेल एकाच वेळी कधीही काढू नयेत. यंत्र बराच काळ वापरणार नसाल, तर आधी माहितीची प्रत काढून मुख्य सेल बाहेर ठेवावेत, कारण अल्कलाइन सेल आतल्या आत गळतात आणि त्यातून बाहेर पडणारा क्षार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो. गळती थोडी असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे पांढरे व्हिनेगर घेऊन तो क्षार पुसावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय सेल घालू नयेत. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल चालतात, पण त्यांचा दाब १.२ व्होल्ट असल्याने अल्कलाइन सेल गृहीत धरणारा यंत्रातला सेलची पातळी दाखवणारा दर्शक ते भरलेले असतानाही पातळी कमी दाखवतो. २००एलएक्सला विजेचा अडॅप्टर जोडण्यापूर्वी त्याच्या सेटिंगमध्ये कोणत्या प्रकारचे सेल आहेत ते नीट नोंदवावे, कारण तो सेल यंत्रातच चार्ज करू शकतो आणि अल्कलाइन सेल चार्ज करणे धोक्याचे आहे.

यंत्राबरोबर ते संगणकाला जोडायची त्याची मूळ केबल येत असेल तर तिला यंत्राइतकेच मोल द्यावे. सायॉन सीरीज ३ए ची जोडणी साध्या तारेने होत नाही. तिच्या केबलमध्ये स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक भाग असतो आणि ती यंत्रापेक्षा मिळायला अवघड. आजच्या संगणकाला सिरियल पोर्ट, म्हणजे अशा केबलची जुन्या पद्धतीची खाच, नसला तरी यूएसबीचा चांगला सिरियल अडॅप्टर काम भागवतो, आणि लिनक्सवर सायॉनसाठी पीएलपीटूल्स तर पामसाठी जे-पायलट हे प्रोग्राम आहेत. हाती आलेल्या यंत्रात आधीच्या मालकाचे पत्ते आणि नोंदी तशाच राहिलेल्या असण्याची शक्यता असते. त्या वाचत बसू नये. यंत्र नीट चालते याची खात्री झाली की पुसून टाकाव्यात.

आपल्याला डॉसची ओळख असेल तर २००एलएक्स घ्यावा, आणि मुख्यतः लिहायचे असेल तर सायॉन सीरीज ५ किंवा १९९९ चा ५एमएक्स. पहिले यंत्र हाताला बसले की दुसरे नव्या प्रकारचे शोधण्यापेक्षा त्याच मॉडेलचे एखादे बिघडलेले यंत्र मिळवावे, कारण या यंत्रांचे नवे सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत आणि एकाची बिजागरी, केबल किंवा कळा दुसऱ्याला पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडतात.