वऱ्हाडातील पाटील-देशमुख मंडळी इंग्रज साहेबाला १ जानेवारीची शुभेच्छापत्रे का पाठवीत असत?

आपल्या घरच्या जुन्या पेटीत पणजोबांनी डेप्युटी कमिशनरांना, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य इंग्रज अधिकाऱ्याला, इंग्रजी नववर्षानिमित्त लिहिलेल्या पत्राचा मसुदा सापडला, त्यातील अतिनम्र भाषेने आपल्याला संकोच वाटला, आणि अशी पत्रे लिहिणारे लोक केवळ खुशामतखोर होते काय, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात वाढलो असून आमच्या भागातील जुन्या वाड्यांतले कागद आवडीने वाचत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे की, पत्रातील विशेषणांवरून पणजोबांचा स्वभाव ठरवू नये. ते पत्र कोणत्या व्यवहाराचा भाग होते आणि त्या व्यवहाराचा भार शेवटी कोणावर पडत होता, हे पाहावे.

१ जानेवारी हा आपल्या गावांचा सण कधीच नव्हता. आपले वर्ष पाडव्याला सुरू होई, व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीत बदलत, आणि खुद्द सरकारचे हिशेबी वर्षही १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होत असे. तरीही या तारखेला वजन आले ते राज्यकर्त्यांनी दिलेले होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १९०३ सालचा व्हाइसरॉय कर्झनचा दरबारही १ जानेवारीलाच भरला. शिवाय रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर अशा किताबांची यादी नववर्षदिनी प्रसिद्ध होत असे, त्यामुळे तालुक्यातील प्रतिष्ठित घरांचे लक्ष त्या दिवसाकडे लागलेले असे.

आता साहेबाच्या हातात काय काय होते ते पाहा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे तेथे रयतवारी बसली, म्हणजे सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घेऊ लागले. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम गेले, त्यांच्याकडे हक्क तेवढे उरले, आणि पाटलाची नेमणूक किंवा बडतर्फी सरकारी अधिकाऱ्याच्या सहीवर आली. नागपूर, वर्धा, भंडारा या बाजूला मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनमालक, होते, पण त्यांनाही सारा, बंदोबस्त (साऱ्याची आकारणी) आणि कुळांचे तंटे यांसाठी त्याच कचेरीत जावे लागे. १८८३ व १८८४ च्या कायद्यांखालील तगाई, म्हणजे शेतीसाठीचे सरकारी कर्ज, १८७८ च्या कायद्यानंतर बंदुकीचा परवाना, ऑनररी मॅजिस्ट्रेटची जागा, लोकल बोर्डावरील सरकारनियुक्त सभासदत्व, अशा अनेक गोष्टींसाठी साहेबाचे मत अनुकूल असावे लागे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत तर साऱ्याची तहकुबी, म्हणजे वसुली पुढे ढकलण्याची सवलत, मिळते की नाही, यावर गावेच्या गावे अवलंबून होती. त्यातच साहेबांच्या बदल्या होत राहत, आणि नव्या साहेबाला तालुक्यातील कोणते घर कोणते हे ठाऊक नसे. म्हणून वर्षातून एकदा आपले नाव, गाव आणि घराण्याचा दर्जा त्याच्या नजरेसमोर आणणारा कागद पाठविणे ही खबरदारी होती.

भाषेविषयीचा आपला संकोच मी समजू शकतो. परंतु ‘मेहेरबान’, ‘साहेब बहादूर’, ‘सेवेसी विज्ञापना’ हे सारे पत्रलेखनाचे ठरलेले साचे होते. असलीच लवून लिहिलेली पत्रे यापूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातही जात होती. अनेक घरांत मसुदा कारकून किंवा पटवारी मोडीत तयार करी, आणि इंग्रजीत पाठवायचे झाल्यास एखाद्या वकिलाची किंवा शाळेतल्या मास्तरांची मदत घेतली जाई. अशा पत्रात लिहिणाऱ्याचे मन शोधू गेल्यास कारकुनाची तालीम तेवढी सापडते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती पत्राच्या सोबतीने जाणारी डाली, म्हणजे फळाफुलांनी आणि मिठाईने भरलेली परडी. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत तयार होतात, त्यामुळे ती परडीत हमखास असत. सरकारी नोकरांच्या आचारनियमांत नजराण्यांना बंदी होती, पण फळे-फुले अशा किरकोळ वस्तूंना सवलत होती, आणि त्या सवलतीतूनच ही प्रथा टिकली. शिवाय हिवाळा हा साहेबाच्या दौऱ्याचा हंगाम असे. रस्ते कोरडे, कापूस वेचणीला आलेला, ज्वारी कापणीला आलेली, आणि आमराईत तंबू ठोकलेले. १ जानेवारीला मुक्काम आपल्याच तालुक्यात असेल, तर पत्राऐवजी प्रत्यक्ष भेट घडे. तीत तंबूबाहेर तिष्ठत उभे राहणे आले, आणि चपराशाला बक्षीस देणेही आले.

त्या मुक्कामाला लागणारे दूध, कोंबड्या, सरपण, कडबा आणि गाड्या गाव पुरवीत असे. ओझी वाहण्याची वेठ कोतवालावर, महार मंडळींवर आणि गरीब कुळांवर येई. दाम पुष्कळदा मिळत नसे, किंवा मिळाले तरी मधल्यामध्ये जिरत असे. साहेबापुढे परडी ठेवणाऱ्याचा मान वाढला, परंतु ती डोक्यावरून आणणाऱ्याचे नाव कोणत्याही शुभेच्छापत्रात येत नाही. माझा या प्रथेवरील खरा आक्षेप हा आहे, आणि पणजोबांच्या नम्र शब्दांपेक्षा तो मला कितीतरी गंभीर वाटतो.

आपल्या मसुद्याचे साल कोणते, हे आपण लिहिलेले नाही. त्यावर बरेच अवलंबून आहे. असहकाराच्या कार्यक्रमात किताब व मानाच्या जागा सोडणे आणि सरकारी दरबारांना न जाणे ही कलमे होती, आणि डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने त्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. अधिवेशन संपते न संपते तोच १ जानेवारी १९२१ उजाडला. त्यानंतर आपल्या भागात असे पत्र पाठविणे ही जाणूनबुजून घेतलेली बाजू ठरली, आणि न पाठविणेही. १८९० मधील पत्र आणि १९२२ मधील पत्र शब्दशः सारखे असले, तरी त्यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही.

तेव्हा आधी मसुद्यावरील तारीख आणि मागची बाजू पाहावी, कारण मागे पुष्कळदा दुसऱ्याच कामाचे टिपण असते. त्याच पेटीत पुढील दोन-तीन महिन्यांतले तगाईचे, तहकुबीचे किंवा परवान्याचे अर्ज आहेत काय, ते तपासावे आणि पत्राशेजारी ठेवून वाचावे. घरची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, शिल्लक असेल तर डिसेंबर-जानेवारीची पाने काढा. तेथे संत्री, गाडीभाडे आणि चपराशाचे बक्षीस हा खर्च लिहिलेला असेल, तर ओझे वाहणाऱ्याची मजुरीही लिहिलेली आहे की नाही, हे आवर्जून पाहावे.