बाबांच्या जुन्या अँपला जोडायला म्युझिक स्ट्रीमर कोणता घ्यावा आणि सेटिंग कसं करावं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो. घर ऐरोलीत, बाबांचा जुना स्टिरिओ अँप आणि स्पीकर अजून छान चालतात, सीडी प्लेअर मात्र आता डिस्क वाचतच नाही, सीडी दोन-अडीचशे आणि त्यात निम्म्याहून जास्त शास्त्रीय गायन, घरात दोन अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन, बजेट २५ हजार, आणि बाबांना फोनवर खटपट करायला आवडत नाही. मी पलीकडे ठाण्यातच राहतो आणि माझ्याकडेही जुन्याच अँपवर स्ट्रीमर (इंटरनेटवरून किंवा घरातल्या फाइलमधून गाणं घेऊन अँपला देणारी छोटी पेटी) जोडून रोज ऐकणं चालतं, त्यामुळे जे सांगतोय ते वापरून सांगतोय.

दुकानात गेलात की पहिल्यांदा डॅक चिप (डिजिटल फाइलचा अँपला लागणारा सिग्नल बनवणारा भाग) कोणती, ३२ बिट का, ७६८ किलोहर्ट्झ का, हेच ऐकवतात. ते सगळं बाजूला ठेवा. तुमच्यासाठी दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत, गाणं नेमकं कुठून येणार आणि दोन ट्रॅकच्या मध्ये आवाज तुटतो का. आजकाल बऱ्या कंपनीच्या साध्या स्ट्रीमरमधला डॅकसुद्धा इतका चांगला असतो की स्पीकर आणि खोली यांच्यापुढे त्याचा फरक जवळजवळ ऐकू येत नाही. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो, माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २० पर्यंत ऐकतो आणि बाबांच्या वयाला त्याहून बराच खाली. त्यात ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून किंवा आकाशवाणीच्या जुन्या टेपवरून उतरवलेलं गाणं असेल तर हाय-रेझ (सीडीपेक्षा मोठे आकडे असलेली फाइल) म्हणून विकत घेऊन त्यात नवीन काहीच मिळत नाही, जे मुळात ध्वनिमुद्रित झालं नाही ते फाइल मोठी करून येत नाही.

आता गॅपलेसबद्दल, म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्ये खंड न पडता वाजण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण शास्त्रीय ऐकणाऱ्याला हे कोणीच सांगत नाही. सीडीवर एक राग बहुतेक वेळा दोन ट्रॅकमध्ये असतो, पहिला विलंबित एकतालातला बडा ख्याल आणि दुसरा द्रुत तीनताल. गाताना मात्र ते सलग गायलेलं असतं, तानपुरे थांबत नाहीत, बडा ख्याल संपतो आणि त्याच सुरावर गायक द्रुत बंदिश उचलतो. सीडी प्लेअर तो सांधा न तोडता वाजवायचा. काही स्ट्रीमर किंवा ॲप पहिली फाइल पूर्ण संपल्यावर दुसरी मागवतात, मग मध्ये अर्धा-एक सेकंद शांतता पडते, तानपुरा कापल्यासारखा बंद होतो आणि परत सुरू होतो. फिल्मी गाण्यांच्या अल्बममध्ये हे कधी लक्षात येत नाही म्हणून रिव्ह्यूमध्ये पण कोणी लिहीत नाही, पण मारवा किंवा दरबारी ऐकताना त्या एका सेकंदाने सगळी बैठक मोडते. लाइव्ह मैफिलीच्या सीडीत तर टाळ्यासुद्धा मध्येच कापल्या जातात. म्हणून गॅपलेस असं नुसतं बॉक्सवर लिहिलंय यावर जाऊ नका, ज्या मार्गाने तुम्ही ऐकणार त्याच मार्गाने ऐकून बघा, कारण एकच डिव्हाइस स्वतःच्या ॲपमधून गॅपलेस वाजवतं आणि फोनवरून कास्ट केलं की गॅप पाडतं असं होतं.

हे मार्ग समजून घेतले की अर्धं काम झालं. ब्लूटूथमध्ये गाणं तुमच्या फोनमधून जातं, ते पण आवळून, आणि फोन आला की गाणं थांबतं. एअरप्लेमध्ये क्वालिटी बरी असते पण तिथेही आवाज फोनमधूनच वाहतो, म्हणजे आयफोनवाला माणूस घराबाहेर पडला की गाणं संपलं. स्पॉटिफाय कनेक्ट आणि गूगल कास्ट यांचं तसं नाही, तिथे फोन फक्त रिमोट असतो, काय वाजवायचं ते फोन सांगतो आणि स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो, फोन बंद केला तरी चालू राहतं. आणि चौथा मार्ग म्हणजे तुमच्याच फाइल घरातल्या नेटवर्कवरून, त्याला डीएलएनए किंवा यूपीएनपी म्हणतात. तुमच्याकडे अडीचशे सीडी आहेत म्हटल्यावर हा चौथा मार्ग तुमच्यासाठी सगळ्यात मोठा.

मॉडेलचं म्हणाल तर तुमच्या बजेटमध्ये मी विम कंपनीचा प्रो किंवा प्रो प्लस घ्या म्हणेन. प्रोला लॅन पोर्ट (राउटरची वायर लावायची जागा) आहे, एअरप्ले २ आणि कास्ट दोन्ही आहेत म्हणजे आयफोन आणि अँड्रॉइड दोघांचं भागतं, साधं आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचं) आउटपुट आहे जे सरळ अँपला जातं, ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल पण आहे. विम मिनी स्वस्त आहे पण त्याला लॅन पोर्टही नाही आणि कास्टही नाही, तुमच्या दोन अँड्रॉइड फोनसाठी ते अडचणीचं होईल. विम अल्ट्राला स्क्रीन आहे, हेडफोन, टीव्हीसाठी एचडीएमआय, पण त्यात एअरप्ले नाही हे घेण्याआधी लक्षात ठेवा, आयफोनवाले इथेच फसतात. ब्लूसाउंड कंपनीचा नोड फार छान आहे, ॲपही चांगलं, पण तुमच्या बजेटच्या बाहेर. हाताने करायची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा कंप्युटर, त्यावर एक डॅक बोर्ड आणि मूड किंवा व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर टाकून, हार्ड डिस्क थेट त्यालाच लावून फार सुंदर स्ट्रीमर होतो आणि गॅपलेस तर चोख वाजतो, फक्त घरात तो दुरुस्त करणारे तुम्ही एकटेच असाल आणि तुम्ही ऑफिसला असताना अडकला तर बाबांची दुपार गाण्याशिवाय जाईल, म्हणून मी तुम्हाला तो सुचवत नाही. काहीही घेतलंत तरी भारतातलं बिल आणि वॉरंटी असलेलंच घ्या.

गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सर्व्हिसबद्दल थोडक्यात. टायडल आणि कोबझ हे दोन्ही अधिकृतपणे भारतात नाहीत, परदेशी रिव्ह्यू वाचून त्यांच्या भरवशावर काही ठरवू नका. ॲपल म्युझिकवर लॉसलेस (काहीही न गाळता दिलेला आवाज) २०२१ पासून आहे, स्पॉटिफायनेही २०२५ मध्ये आणलं, पण कुठल्या प्लॅनमध्ये ते बघून घ्या. मात्र शास्त्रीय संगीतासाठी सर्व्हिसवर पूर्ण विसंबू नका असं मी अगदी कळकळीने सांगेन. तिथे एकाच रागाचं स्पेलिंग चार प्रकारे असतं, तबल्याची साथ कोणाची, रेकॉर्डिंग कोणत्या वर्षाचं, काही लिहिलेलं नसतं, आणि हक्कांचे करार बदलले की आज असलेला अल्बम उद्या गायब होतो. बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सीडी हाच तुमचा खरा संग्रह आहे, त्या आधी रिप करा, म्हणजे कंप्युटरवर फाइल करून घ्या.

रिप करायला लॅपटॉपला लावायचा बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, मॅकवर एक्सएलडी. हे ॲक्युरेटरिप नावाच्या डेटाबेसशी ताडून बघतात की तुमची कॉपी इतरांच्या कॉपीशी तंतोतंत जुळते का, पण आपल्याकडच्या मराठी आणि शास्त्रीय सीडी त्यात बऱ्याचदा सापडत नाहीत, अशा वेळी टेस्ट अँड कॉपी हा पर्याय वापरा, तो ट्रॅक दोनदा वाचतो आणि दोन्ही वेळचा सीआरसी आकडा (फाइल ताडून बघायची खूण) सारखा आला की कॉपी बरोबर समजायची. सीडीवर बुरशी किंवा धूळ असेल तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. फाइल फ्लॅकमध्येच करा (यात काहीही न गाळता फाइल लहान होते), एमपी३ मध्ये नको, एक तर त्यात माहिती कायमची जाते आणि दुसरं म्हणजे एमपी३ बनताना ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा आपोआप भरली जाते, मग आपण वर ज्या सांध्याबद्दल बोललो तो फाइलमध्येच तुटतो. जागेची काळजी नको, सीडीचा एक तास कच्च्या स्वरूपात ६३५ एमबी होतो आणि फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे अडीचशे सीडी शंभर जीबीच्या आगेमागे बसतील. पण एकाच डिस्कवर ठेवू नका, दुसरी कॉपी दुसऱ्या डिस्कवर हवीच, सीडी रिप करायचा इतका वेळ दुसऱ्यांदा कोणी देत नाही.

टॅग (फाइलमध्ये लिहायची गायक, राग वगैरे माहिती) लिहिताना सुरुवातीलाच एक पद्धत ठरवा आणि मग मोडू नका. मी अल्बम आर्टिस्टमध्ये गायकाचं नाव, टायटलमध्ये राग, मग ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द, आणि कंपोझरच्या जागेत परत रागाचं नाव टाकतो, कारण शास्त्रीय गायनात तो रकाना तसाही रिकामाच असतो आणि ॲपमध्ये कंपोझरनुसार लावलं की घरातले सगळे यमन एकत्र येतात, भीमसेनजींचा यमन ऐकून लगेच किशोरीताईंचा लावता येतो. हे काम कंटाळवाणं नाही हो, बाबांना शेजारी बसवा, सीडीच्या कव्हरवर नाही ती माहिती त्यांच्याकडून निघेल. एमपी३टॅग नावाचं विंडोजवर मोफत असलेलं सॉफ्टवेअर यासाठी मस्त आहे, नावात एमपी३ असलं तरी फ्लॅकलाही चालतं.

मग या फाइल कुठून द्यायच्या. तुमच्या राउटरला यूएसबी पोर्ट आणि मीडिया सर्व्हरची (फाइल घरातल्या नेटवर्कवर देण्याची) सोय असेल तर हार्ड डिस्क तिथेच लावून बघा, चाललं तर खर्च शून्य. नाही चाललं किंवा मोठ्या लायब्ररीत अडखळलं तर जुना लॅपटॉप किंवा छोटा नॅस (नेटवर्कला लावायची हार्ड डिस्कची पेटी), त्यावर मिनिमसर्व्हर किंवा लायरिऑन हे सॉफ्टवेअर, जे आधी लॉजिटेक मीडिया सर्व्हर होतं.

अँपला जोडणं सोपं आहे. सीडी प्लेअर ज्या इनपुटला होता तीच आरसीए वायर काढून स्ट्रीमरला लावा, सीडी, ऑक्स, टेप यापैकी काहीही चालतं, फक्त फोनो लिहिलेल्या इनपुटला लावू नका, तो रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतो आणि तिथे आवाज फाटलेला आणि भरमसाट मोठा येतो. ॲपमध्ये जाऊन आउटपुट व्हॉल्यूम फिक्स करा आणि आवाज अँपच्या नॉबनेच कमी-जास्त करा. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो आणि स्ट्रीमरही तेवढंच, म्हणजे बाबांच्या हाताला नॉबची जी सवय आहे ती तशीच राहील. स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर आधी केबल टीव्हीची वायर कुठे सिस्टीमला लागलीये का बघा, बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ तिथूनच येतो.

नेटवर्ककडे लोक शेवटी बघतात, तुम्ही आधी बघा. आपल्याकडच्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफाय उघडलं की वीस-पंचवीस नावं दिसतात, सगळे २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर, आणि ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या दोन भिंती पार करता करता दम तोडतं. सीडी क्वालिटीला लागतो जेमतेम दीड एमबीपीएस, त्यामुळे तीनशे एमबीपीएसचा प्लॅन असूनही गाणं अडकत असेल तर प्लॅन वाढवून उपयोग नाही, अडचण घराच्या आत आहे. जमलं तर राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत कॅट ६ ची साधी लॅन वायर भिंतीच्या कडेने टाका, महागड्या ऑडिओ लॅन केबलवर एक रुपया घालवू नका. वायर शक्य नसेल तर २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो हाताने निवडा. स्ट्रीमर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाकू नका, तिथे फोनला तो दिसतच नाही आणि माणूस उगाच डिव्हाइस खराब समजतो. राउटरमध्ये स्ट्रीमरला आणि सर्व्हरला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊन ठेवा. पावसाळ्यात लाइट येते-जाते, तेव्हा राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस आणि अँपला चांगला सर्ज प्रोटेक्टर, हे दोन्ही लावाच.

ॲपमधल्या सेटिंगमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं क्रॉसफेड बंद, आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन बंद, इक्वलायझर सुरुवातीला बंद. विममध्ये फोनच्या माइकने खोली मोजून आवाज सुधारायची सोय आहे, ती वापरा पण आधी स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या आणि टाइल्सवर एक जाड सतरंजी टाका, मगच मोजा.

बाबांसाठी रिमोट नक्की घ्या, प्रो प्लसबरोबर येतो, प्रोला वेगळा घ्यावा लागतो. त्याच्यावर प्रीसेटची बटणं असतात, एकावर त्यांच्या आवडत्या गायकाची प्लेलिस्ट, एकावर सकाळचे राग, एकावर इंटरनेट रेडिओ असं तुम्ही लावून द्या आणि बटणांचा क्रम मोठ्या अक्षरात कागदावर लिहून अँपवर चिकटवा. अँप चालू करायचा, बटण दाबायचं, गाणं सुरू, फोन कुठे मध्ये येतच नाही.

घेताना रिटर्नची मुदत किती ते विचारून घ्या आणि तेवढ्यात दोन गोष्टी तपासा. एक, विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असलेली एखादी सीडी रिप करून सर्व्हरवरून लावा, विलंबिताच्या शेवटच्या मिनिटाला न्या आणि तानपुरा सलग राहतो का ऐका. दोन, राउटरचं बटण बंद करून परत चालू करा आणि काही न करता बाबांना रिमोटचं बटण दाबायला सांगा, पाचेक मिनिटांत गाणं आपोआप सुरू व्हायला हवं. आधी सर्व्हर बदलून आणि सेटिंग तपासून बघा, तरीही यातलं एक जरी जमलं नाही तर परत करून दुसरं मॉडेल घ्या.