चेतक, ध्रुव की एमआय-१७? त्याआधी अक्षांश-रेखांश नीट लिहा

तुमची पोस्ट वाचली. त्र्यंबक पट्ट्यात बचावाचं काम करणारा गट, २०२७ च्या सिंहस्थाआधी प्रशासनाला टिपण द्यायचंय, आणि त्यात शोध-बचावासाठी 'सर्वांत चांगलं विमान कोणतं' याचा तक्ता हवाय. शेवटी एक ओळ सहज टाकलीत : मागच्या वेळी हेलिकॉप्टर आलं, पण भलत्याच ठिकाणी घिरट्या घालून परत गेलं. त्या ओळीसाठी लिहायला बसलो. तुमचं हेलिकॉप्टर चुकलं नसणार, पत्ता चुकला असणार.

आधीच सांगतो, मी वैमानिक नाही. दोर आणि वायरलेस सांभाळणाऱ्यांपैकी आहे. खालचे आकडे कमाल क्षमतेचे आहेत, त्या दिवशी काय झेपेल ते वैमानिक ठरवतो. तो नाही म्हणाला की वाद घालायचा नाही.

तक्ता करताना शोधणं आणि उचलणं हे दोन वेगळे रकाने ठेवा. डॉर्नियर हे टेहळणी विमान समुद्रावर उत्तम, तासन्‌तास पाण्यावर नजर ठेवतं. आपल्या दऱ्यांत नाही. १२० नॉट, म्हणजे ताशी २२२ किमी वेगाने ३० अंश कलून वळायचं तर वळणाची त्रिज्या पावणेसातशे मीटरच्या आसपास येते. दरी जवळपास दीड किलोमीटर रुंद नसेल तर आत शिरून वळता येत नाही. जपानी यूएस-२ सुद्धा तक्त्यात घातलंय तुम्ही. ते तीन मीटरच्या लाटांवर उतरतं हे खरं, पण आपल्याला ते गंगापूर धरणात उतरवायचं आहे का? काढून टाका.

उरली हेलिकॉप्टरं. चेतक २२०० किलोचं, एकच इंजिन, विंच (माणसाला केबलने वर ओढणारं यंत्र) १७५ किलोपर्यंत. जागा कमी लागते, पण कड्यालगत तरंगताना इंजिन दमलं तर दुसरं नाही. चीता म्हणजे ज्या फ्रेंच 'लामा' हेलिकॉप्टरने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला त्याचाच भारतीय अवतार. उंचीवर दमदार, पण केबिन पाच जणांची. ध्रुव साडेपाच टनांचं, दोन शक्ती इंजिनं, मागचे दरवाजे शिंपल्यासारखे उघडतात म्हणून स्ट्रेचर सरळ आत जातं. एमआय-१७ व्ही-५ तेरा टनांचं, चार टन किंवा ३६ जवान नेतं, पण पंख्याचा व्यासच २१ मीटरच्या वर. पुरात वेढलेली वस्ती हलवायला तेच हवं. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर अडकलेल्या एका पोरासाठी ते मागू नका. माझं मत विचाराल तर आपल्या डोंगरांसाठी विंच बसवलेलं ध्रुव. मात्र टिपणात एकाच जातीवर भिस्त ठेवू नका : जानेवारी २०२५ च्या पोरबंदर अपघातानंतर ध्रुवचा ताफा काही महिने जमिनीवर होता.

नाशिकरोडला गांधीनगरच्या लष्करी तळावरून चेतक-चीता उडताना दिसतात म्हणून ते आपल्या दाराशी उभे आहेत असं धरून चालू नका. ते प्रशिक्षणाचे. विंच बसवलेलं असेलच असं नाही, आणि मागणी जिल्हा प्रशासनाकडूनच जावी लागते.

वजनापेक्षा महत्त्वाचा रकाना म्हणजे हवा किती विरळ आहे. साल्हेर किल्ला १५६७ मीटर, म्हणजे साधारण ५१४० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान (विमानांच्या हिशेबासाठी ठरवलेलं) ५ अंशांच्या आत-बाहेर. मे महिन्यात दुपारी माथ्यावर ३२ अंश असतील तर फरक २७ अंशांचा, आणि दर अंशाला सुमारे १२० फूट धरले की इंजिनाला आणि पात्यांना तो डोंगर ८,४०० फुटांचा वाटतो. पहाटे १८ अंशांना तोच ६,७०० फुटांचा. म्हणून उन्हाळ्यात 'दुपारी दोनला या' म्हणण्यापेक्षा 'उजाडताना या' म्हणा. त्यात विंचने उचलताना पंख्याखाली जमिनीचा आधार नसतो. सपाटीवर उतरताना खालची हवा थोडं तोलून धरते, कड्यावर तसं काही नाही, पूर्ण ताकद स्वतःची. सपाटीवर जे वजन सहज उचलतं ते कड्यावर उचलेलच असं नाही.

पंख्याच्या वाऱ्याकडे कोणी लक्षच देत नाही. पूर्ण भारात एमआय-१७ किंवा ध्रुवच्या खाली तो ताशी ९० किमीच्या आसपास निघतो. हरिहरच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या. माणूस खोबणीत बोटं रुतवून, छाती दगडाला टेकवून उभा असतो. वरून असा वारा आला की आधी सुटी खडी गळते, मग पाठीवरची सॅक शिडासारखी फुगते. म्हणून हेलिकॉप्टर बोलावण्याआधी माणूस दोराला बांधलेला हवा आणि सॅक उतरवलेली हवी. विंच म्हणजे जादू नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडात त्रिकूट रोपवेवरून हवाई दलाने विंचने माणसं सोडवली, तिथे उचलताना पडून मृत्यूही झाला.

ड्रोनवर थोडक्यात. ६४० बाय ५१२ ठिपक्यांचा थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा, १३ मिमीची लेन्स, १०० मीटर उंची : एक ठिपका सुमारे ९ सेंटिमीटरचा, माणूस खांद्यांच्या रुंदीत पाच-सहा ठिपक्यांचा. एका फेरीत दिसणारा पट्टा ५९ मीटरचा, शेजारच्या पट्ट्यांचा पाचवा भाग एकमेकांवर चढवला, सेकंदाला ५ मीटर वेग धरला, तर वीस मिनिटांत जेमतेम २८ हेक्टर पाहून होतात. दाट झाडीखाली काहीच दिसत नाही. संध्याकाळी तर उडवूच नका, दिवसभर तापलेला काळा कातळ माणसाइतकाच चमकतो. पहाटे चार ते सहा ही वेळ. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे हे खरेदीच्या प्रस्तावात लक्षात ठेवा, आणि ओझर व गांधीनगरच्या आसपास ड्रोन-नकाशावरचे लाल-पिवळे (बंदीचे आणि परवानगीचे) पट्टे आधी पाहा.

आता मुद्द्यावर. आमच्याही बाबतीत असंच झालं होतं. आमच्याकडून ठिकाण गेलं होतं अंश-मिनिट-सेकंदात. समजा हरिहरच्या बाजूचं १९ अंश ५४ मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७३ अंश २८ मिनिटं १९ सेकंद पूर्व. एका कार्यालयात (नाव घेत नाही) छापील नमुन्यात अंश-मिनिटांची चिन्हं बसेनात, म्हणून टंकणाऱ्याने मध्ये एक टिंब टाकलं : १९.५४३०, ७३.२८१९. दिसायला छान. खरा दशांश आहे १९.९०८३३, ७३.४७१९४. दोन्हींत अंतर ४५ किलोमीटर! टिंबवाला पत्ता सह्याद्री उतरून ठाणे जिल्ह्यात, तानसा तलावाकडे जातो. चूक दाखवली तर उत्तर काय, 'सुधारित पत्र द्या, नवा आवक क्रमांक पडेल, साहेब बैठकीत आहेत.' दिवसाच्या उजेडातले तीन तास त्या आवक क्रमांकाने खाल्ले. हेलिकॉप्टर कोणतं होतं याने काडीचाही फरक पडला नसता.

चूक पकडायची खूण सोपी आहे. टिंबानंतर चारच आकडे असतील, आणि दोन-दोनच्या दोन्ही जोड्या ६० च्या आत असतील, तर संशय घ्या. दशांश नेहमी पाच आकड्यांपर्यंत द्या, त्याने जागा मीटर-दीड मीटरपर्यंत नेमकी होते. शेजारी वैमानिकांच्या सवयीचं अंश आणि दशांश मिनिट लिहा : १९ अंश ५४.५०० मिनिटं, ७३ अंश २८.३१७ मिनिटं. दोन्ही रूपं सोबत असली की एकात टिंब घसरलं तरी दुसरं बोंब मारतं. त्याखाली अक्षरांत लिहा : 'हरिहर किल्ला, निरगुडपाडा बाजू, तालुका त्र्यंबकेश्वर.' कोणाला आकडे कळले नाहीत तरी तालुका कळतो.

संदेशात आणखी एवढंच : उंची फुटांत, माणसं किती आणि अंदाजे वजन, उतरायला जागा आहे की विंचच लागेल, वारा कुठून, जवळच्या विजेच्या तारा. तारा विसरू नका, वरून त्या दिसत नाहीत. आधी १०७७ वर (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) तोंडी सांगा, मग लेखी, आणि पलीकडच्याला आकडे परत वाचून दाखवायला लावा. संकोच करू नका.

जुलै-ऑगस्टचं काय, असंही विचारलंत. ब्रह्मगिरीवर ढग टेकला की कुठलंच हेलिकॉप्टर येणार नाही. तेव्हा जखमीला दोराने ढगाखालच्या सपाटीपर्यंत आणायची तयारी हवी. सपाटी पंख्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट मोकळी बघा, ताडपत्री-गोणपाट सगळं उचलून ठेवा. विंचचा हूक आधी जमिनीला टेकू द्या, नाहीतर साचलेल्या विजेचा झटका बसतो. आणि ती केबल झाडाला, दगडाला, कशालाही बांधायची नाही. स्ट्रेचर गरगरू नये म्हणून पायाकडे एक बारीक दोर लावून खाली एकाने धरावा. वर बघून हात हलवत बसू नका : दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी, एक वर एक खाली म्हणजे नको. उत्साहात एका हाताने टाटा केलं की घोळ.

शेवटचं, घटनास्थळी एक फोन फक्त याच कामासाठी बाजूला ठेवा. डेटा बंद, स्क्रीन मंद, व्हिडिओ काढायला कोणाच्या हातात द्यायचा नाही. संदेशात त्याचाच नंबर द्या.