सळ्यांचा सेट मागवण्याआधी: नाशकात तांब्यावरचं उठावकाम कसं सुरू करावं

तुमच्या प्रश्नाचं सार असं: सातपूरला टूलरूममध्ये नोकरी आहे, संध्याकाळी दोनेक तास मिळतात, तांब्याच्या पत्र्यावर उठावाचं नक्षीकाम शिकायचंय. तीस सळ्यांचा (हातोडीनं ठोकून पत्र्यावर खुणा उमटवायच्या पोलादी हत्यारांचा) परदेशी सेट ऑनलाइन मागवावा का, नाशकात कुणी शिकवतं का, आणि पुढेमागे घरच्या कुलदैवताचा चांदीचा टाक स्वतःच्या हातानं घडवता येईल का, हे तीन मुद्दे. क्रमानं लिहितो, पण सळ्यांवर जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं तिथूनच निघतं.

सेट मागवू नका. पैसे वाचतील हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. या कामात सळीचं तोंड जसं असेल तशीच खूण पत्र्यावर उमटते. ते तोंड तुम्ही स्वतः घासून घडवलेलं नसेल, तर रेघ बिघडली ती हातामुळे की सळीमुळे हे तुम्हाला कळणारच नाही. चार सळ्या स्वतः करा. पाचवी तेव्हाच करा, जेव्हा कामात अशी जागा येईल की चारांपैकी एकही तिथे नीट बसत नाही. माझी पेटी अशीच भरत गेली आहे, आणि त्यातली कुठली सळी कशासाठी केली हे मला आजही सांगता येतं.

आधी पत्र्याचं बोलू. सुरुवातीला २४ गेजचा तांब्याचा पत्रा घ्या, म्हणजे साधारण ०.५६ मिमी. २२ गेज, ०.७१ मिमी, नंतर खोल उठावाला घ्या. मोडीतलं घंगाळ कापून पत्रा काढायचा मोह होईल, आणि तांबं उत्तमही असेल, पण आतून कल्हई असलेलं भांडं घेऊ नका. तापवलं की कथील तांब्यात शिरतं आणि पत्रा ठिकठिकाणी ठिसूळ होतो. पितळ सध्या बाजूला ठेवा. ते तांब्यापेक्षा लवकर कडक होतं, आणि लालबुंद असताना पाण्यात टाकलं तर तडकू शकतं.

तांबं ठोकलं की कडक होतं. हे तुम्हाला नोकरीमुळे माहीत असेलच, पण इथे ते कानानं ओळखायचं असतं. नरम पत्र्यावर हातोडी पडली की आवाज बसका येतो. तोच पत्रा ठोकत राहा, आवाज चढत जातो आणि टणटण वाजायला लागतो. तिथे थांबायचं. आणखी दहा मिनिटं रेटून काही मिळत नाही, मिळते ती चीर. तापवला की पत्रा पुन्हा नरम होतो. तापवायचा तो खोलीत उजेड कमी करून, म्हणजे मंद लाल रंग नेमका दिसतो. भगभगीत उन्हात तो दिसतच नाही आणि पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो. मंद लाल झाला की सरळ पाण्यात बुडवा, तांब्याला त्यानं काही होत नाही. वर आलेली काळी पापडी काढायला कोमट पाण्यात लिंबूसत्त्व पुरतं. जुने लोक चिंच वापरायचे, तीही चालते. घरात लहान मुलं असतील तर सल्फ्युरिक ॲसिडच्या वाटेला जाऊच नका.

पत्रा बसवायला, म्हणजे ठोकताना त्याला खालून धरून ठेवायला, राळ लागते. काष्ठौषधी आणि पूजेचं सामान ठेवणाऱ्या जुन्या दुकानांत ती मिळते. राळ आणि कापडातून गाळलेली विटेची भुकटी वजनानं साधारण समसमान घ्या. राळ मंद आचेवर वितळवा, भुकटी थोडी थोडी घालत ढवळा, मग चमच्याचमच्यानं गोडं तेल घाला. तेल किती ते हवामान ठरवतं. डिसेंबरात निफाडकडून गारठा यायला लागला की राळ काचेसारखी तडकते, तेव्हा तेल वाढवायचं. मे महिन्यात तीच राळ पत्र्याखालून सरकते, तेव्हा भुकटी वाढवायची. थंड झालेल्या राळेवर नख जोरात दाबलं तर पुसट खूण उमटली पाहिजे. वितळलेली राळ अंगावर पडली तर चिकटून राहते आणि खोल भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला, पाण्याची बादली हाताशी ठेवा आणि पातेलं कधीही काठोकाठ भरू नका. जाड लोखंडी कढई किंवा मोठी तगारी यासाठी छान. खाली वाळूची उशी ठेवली की ती हवी तशी कलती ठेवता येते.

आता सळ्या. तुम्ही टूलरूमचे, म्हणजे पोलादाचं तुम्हाला मी काय सांगणार, तरी या कामापुरतं सांगतो. ६ आणि ८ मिमीचं सिल्व्हर स्टील (नावात चांदी असली तरी हे कार्बनचं पोलादच) सगळ्यात सोपं, आणि अंबड-सातपूरच्या दुकानांत सहज मिळतं. भंगारातल्या जुन्या कानशी उत्तम, पण आधी दाते पूर्ण घासून काढा, नाहीतर पाणी देताना (तापवून बुडवून कडक करताना) तडा दात्याच्या मुळापासूनच जातो. गाडीची कॉइल स्प्रिंग सरळ करून तुकडे पाडता येतात. बांधकामाची सळई नको, तिला पाणी धरत नाही. शंका असेल तर ग्राइंडरला लावून बघा. ठिणग्या फुटून त्यांना भरपूर फुलं येत असतील तर त्यात कार्बन पुरेसा आहे. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) जुने टूलबिट फुकट मिळाले तरी यासाठी घेऊ नका, घरच्या टॉर्चवर ते आवरत नाहीत.

लांबी १०० ते ११० मिमी ठेवा. मधला भाग थोडा जाड राहू द्या, दोन्हीकडे निमुळता करा, म्हणजे बोटांत फिरत नाही. पहिल्या चार अशा: एक रेघेची, एक सपाट तोंडाची, एक करंगळीच्या टोकासारखी गोल, आणि एक लांबट गोल, जिच्या कडा पूर्ण मारलेल्या आहेत.

यातली रेघेची सळी सगळ्यात अवघड, आणि शिकवते तीच. लांबून ती छिन्नीसारखी दिसते, म्हणून बहुतेक जण तिला धार लावतात. धार लावली की ती पत्रा कापते. तिची कड भिंगाखाली पाहिली तर गोलसर दिसली पाहिजे. नखावर आडवी फिरवली तर ओरखडा न उमटता नुसती सरकली पाहिजे. समोरून पाहताना कड अगदी सरळ नको, मधे किंचित फुगीर हवी, आणि दोन्ही टोकं हलकेच गोल मारलेली हवीत. टोकं तशीच टोकदार ठेवली तर रेघेवर दर ठोक्याला एक बारीक आडवी खूण पडते, आणि तीन इंचांची रेघ शिवणीसारखी दिसायला लागते. हे काम कानशीवर करा, ग्राइंडरवर नको. नंतर २२०, ४००, ८००, १२०० असे पॉलिश पेपर तेल लावून, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पॉलिशचं हिरवं कंपाउंड. तोंडात आपल्या डोळ्याचं प्रतिबिंब दिसेपर्यंत थांबायचं नाही. सळीच्या तोंडावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो, आणि पत्र्यावरून तो काढण्यापेक्षा सळीवरून काढणं किती तरी सोपं.

मग पाणी द्यायचं. फक्त कामाचं टोक, साधारण २० मिमी, तापवा. साधं कार्बनचं पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला धरेनासं होतं. त्याच्या जरा वर, गडद चेरीच्या रंगाला, सळी सरळ उभी तेलात बुडवून ढवळा. शेंगदाण्याचं कोमट तेल वापरा. गाडीचं जळकं ऑइल लोक सर्रास वापरतात, पण त्याचा धूर छातीत जाऊ देण्यासारखा नाही. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण हाताशी, आणि हे सगळं मोकळ्या हवेत. नंतर कानस लावून बघा: घसरली तर पाणी धरलं.

अशी सळी काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून उतार द्यायचा, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करायचा. टोक पुन्हा घासून चकचकीत करा आणि ज्योत मधल्या भागाला लावा. रंग हळूहळू टोकाकडे सरकताना दिसतात: आधी फिकट पिवळा, मागून तपकिरी, जांभळा, निळा. टोकाला गवताचा पिवळा पोचला, म्हणजे साधारण २३० अंश, की पाण्यात. तोवर मधला भाग निळ्याकडे गेलेला असतो, म्हणजे तिथे सळी चिवट राहते. हातोडीचा घाव बसतो ते टोक मुळात कडक करायचंच नाही. कडक राहिलं तर घावासरशी कपची उडते. ते काही दिवसांनी फुलासारखं पसरतं, तेव्हा कानशीनं कड मारून घ्या. चष्मा कायम डोळ्यावर.

हातोडी सुताराची चालत नाही. हलकी, शंभर-सव्वाशे ग्रॅमची, रुंद तोंडाची हवी, म्हणजे नजर तिच्यावर न ठेवता सळीच्या तोंडावर ठेवता येते. सळी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरा, अनामिका पत्र्यावर टेकवा. वरचं टोक जायच्या दिशेच्या उलट किंचित कलतं ठेवा आणि हलके, जलद, न थांबता ठोके द्या. सळी आपसूक पुढे सरकते. दर ठोक्याला उचलून पुन्हा ठेवाल तर रेघ कधीच सलग येणार नाही.

पहिलं काम म्हणून विड्याचं पान घ्या. देव-देवता, मोर, हत्ती इतक्यात नको. समोरून बाहेरची कड आणि मधली शीर रेघेच्या सळीनं मारा. पत्रा राळेतून काढा, तापवून नरम करा, उलटा बसवा. मागे रेघा उंचवट्यासारख्या दिसतील, त्याच्या आतला भाग गोल सळीनं खाली दाबत जा. एकाच जागी जोर लावून खोल जायचं नाही. कडेपासून मध्याकडे फेरे घेत, प्रत्येक फेरीत थोडं. पत्रा ताणला जातो तसा पातळ होतो आणि फाटतो तो उतारावर, म्हणून उताराकडे लक्ष ठेवा. पुन्हा नरम करा, पोकळीत राळ भरून सरळ बसवा, आणि समोरून लांबट सळीनं आकार आवरा, सपाट सळीनं आजूबाजूची जमीन बसवा. पान डौलदार दिसेपर्यंत हेच. ते जमलं की द्राक्षाचं पान घ्या; आपल्याकडे मळ्यातून खरं पान आणून समोर ठेवता येतं, आणि त्याच्या पाच शिरा पाच बाजूंना जाताना सळी फिरवायची चांगली सवय होते.

शिकवणाऱ्यांबद्दल. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धातुकामाचं रीतसर शिक्षण मिळतं, पण नोकरी सांभाळून ते तुम्हाला जमणारं नाही. मात्र ज्या शहरात तांबट लेन आणि भांडी बाजार आहे, तिथे नुसते व्हिडिओ बघून शिकणं मला पटत नाही. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल आहे. आता हातानं घडवणारे कमी उरलेत, बहुतेक माल बाहेरून येतो, तरी जुन्या नाशकात आणि सराफ बाजाराच्या आसपास चांदीचे मुखवटे, प्रभावळी करणारे कारागीर अजून बसतात. दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. दुपारी जा, तुमचं पान आणि तुमच्या सळ्या घेऊन जा, आणि "काका, यात काय चुकलंय?" एवढंच विचारा. शिकवा म्हटलं की लोक संकोचतात. हातात वस्तू दिली की ते बोलायला लागतात, बहुधा सळीच्या तोंडावर अंगठा फिरवूनच. पुण्याला जाणं झालं तर कसबा पेठेतली तांबट आळी बघून या. तिथलं मठारकाम वेगळं, हातोडीच्या तोंडानंच पत्र्यावर एकसारख्या खुणा उठवायचं, पण हात किती सारखा पडू शकतो ते तिथे दिसतं.

राहिला टाक. बाजारातले टाक बहुतेक ठशात पातळ पत्रा बसवून काढलेले असतात, त्यामुळे तेच रूप घरोघरी दिसतं. तुम्हाला सळीनं घडवायचाय, तर जरूर घडवा, फक्त चांदीची घाई नको. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ ला. तापवताना तांबं जेवढं सांभाळून घेतं तेवढं चांदी घेत नाही, आणि पातळ पत्र्याची कड डोळ्यांदेखत गोळा होते. आधी तोच चेहरा, त्याच मापाचा, तांब्यात पूर्ण करा. नाकाच्या दोन्ही बाजूंचा उतार सगळ्यात उभा असतो आणि पत्रा तिथेच जातो, म्हणून नाक एका बैठकीत उठवू नका. मधे दोन-तीनदा तरी नरम करा. डोळे शेवटी, समोरूनच, आणि त्यासाठी बहुतेक तुम्हाला पाचवी सळी करावी लागेल: बारीक, तोंडाशी अर्धा चंद्र असलेली. तांब्यातलं नाक न फाटता आलं की सराफाकडून शुद्ध चांदीचा अर्ध्या मिमीचा पत्रा काढून घ्या. कातरकाम करताना खाली कागद अंथरा आणि कीस जपून ठेवा, तो वजनावर परत घेतात.